मधुकरची पाळी

कमलाबाई मगानं पाणी घेऊन मुलाच्या डोक्यावर ओतत होत्या. मुलगा बाथरूमच्या फरशीवर उताणा पडलेला. एक पाय दाराबाहेर, डोक्यावर बायकोची नारिंगी ओढणी, ती भिजून तोंडाला चिकटलेली. कमलाबाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर टॉवेल, अर्ध्या अंगाला साबण. बादली तळाला गेली होती.

"बघा हो," त्या मला म्हणाल्या, "शांता निजली. मला न्हाऊ घालता घालता निजली. उठवा तिला."

मी ओढणी बाजूला केली. डोळे अर्धे उघडे होते. मी खेड्यातली आहे, मेलेलं माणूस मला कळतं. तरी "मधुकर, ए मधुकर" म्हणत गालावर चापट्या मारल्या. गाल गार होता. तो पाण्यानं गार होता की आतून, ते मला ठरवायचं नव्हतं.

मला फोनवर इंग्रजीत पत्ता सांगता येत नाही. बाहेर जाऊन नातूरला हाका मारल्या. इकडे वॉचमनला नातूर म्हणतात, आमचा करीम बांगलादेशचा आहे. "करीम, जल्दी आओ, मधुकर गिर गया, गाडी बुलाओ." तो धावत आला, बघितलं, जागच्या जागी फोन लावला. गाडी लवकर आली. तिघं आत शिरले, मधुकरला ओढून हॉलमध्ये घेतलं, छाती दाबू लागले. मी कमलाबाईंना चादर गुंडाळून खुर्ची बाहेर काढली. त्यांनी त्या तिघांकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हाताची घडी, तोंडावर बोट," त्या म्हणाल्या. "गडबड नको. शांता झोपलीय."

शांता म्हणजे मधुकरच. ते सांगते.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये जिप्समची भिंत आहे. इथं कतारात, अल थुमामाला, मोठ्या व्हिल्यांचे असे तुकडे करून भाड्यानं देतात. एका व्हिल्यात सहा कुटुंबं, मध्ये पुठ्ठ्यासारख्या भिंती, पुढे सगळ्यांचं मिळून एक अंगण. माझा मुलगा आणि सून कामाला जातात, नातू शाळेत. दिवसभर भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे मधुकर आणि त्याची आई. त्यामुळे मधुकर मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त माहीत होता.

सकाळी साडेनवाला आईची आंघोळ. आधी स्वतःशीच म्हणायचा, "कोपर, मग पाणी," म्हणजे पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते बघायचा. मग सुरू व्हायचं. "मान झाली, ओके. उजवा हात, ओके. डावा हात, ओके. पाठ, ओके." कारखान्यात यंत्र तपासतात तसं. कधी "पाठ, नॉट ओके. लाल दिसतंय," असं ऐकू यायचं, मग पावडर, मलम, दर दोन तासांनी कूस बदलणं. तीन वर्षांत कमलाबाईंच्या अंगावर एक जखम झाली नाही. माझ्या सासूला पाठीवर तीन झाल्या होत्या, आणि मी काही कामचुकार नव्हते.

मधुकर सातपूरचा. तरुणपणी तिथल्या कारखान्यात पाळ्या केल्या, मग ड्राफ्ट्समन झाला आणि कतारला आला. कानामागे पेन्सिल, खिशात मोजपट्टी. माणसाशी बोलताना दाराची रुंदी मोजायचा. आईला इकडे आणायचं ठरलं तेव्हा त्यानं बाथरूमचं ड्रॉइंग काढलं होतं, त्यात आई म्हणजे एक गोल, आणि तो गोल कुठून कुठे वळेल त्याचे बाण. प्लास्टिकची खुर्ची कापून, खाली चाकं बसवून आंघोळीची खुर्ची त्यानंच केली. दारापुढे लाकडी उतार केला. साइटवर चाळीस माणसं त्याच्या हाताखाली असायची. कंपनीकडे स्वतः जाऊन त्यानं खालचं पद मागून घेतलं, घरी बसून ड्रॉइंग काढायचं. नोकरी सोडता येत नव्हती, कारण आईचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. बायको स्मिता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत. स्मिता नोकरीत पुढे चालली होती, म्हणून हा मागे आला. दोघांनी बसून ठरवलं म्हणे.

अंगणातल्या लोकांना ते ठरवणं पचलं नाही. मलाही नाही.

कमलाबाई जुन्या काळच्या बालवाडीतल्या मदतनीस. नवरा लवकर गेला, तिनं दोन मुलं वाढवली. थोरला सुधाकर नाशिकला, धाकटा हा. म्हातारपणी तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. सुधाकरकडे असताना दोनदा घराबाहेर निघून गेली, एकदा रिक्षावाल्यानं आणून सोडली. सुधाकरचं म्हणणं, बायकोचे गुडघे गेलेत, आम्हाला जमत नाही. तेव्हा मधुकर जाऊन घेऊन आला.

पाळी हा त्याचा शब्द. त्याच्या तोंडातून कारखाना गेला नव्हता. आईचं करणं, असं तो कधी म्हणायचा नाही. पाळी म्हणायचा. पहिल्या आठवड्यात तो अंगणात आला, आम्ही बायका चहा पीत बसलो होतो, आणि घड्याळ बघून म्हणाला, "चला, माझी पाळी सुरू झाली."

शुभदानं पदर तोंडाला लावला. ही शुभदा पुण्याची, कोपऱ्यातल्या घरातली. फिलोमिना, वसईची, नर्स, ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "मधुकर, मेडिकल सायन्सला कळवू काय?"

त्याला मागून कळलं. कानापर्यंत लाल झाला. पण शब्द बदलला नाही. "सातपूरला हजार माणसांची पाळी एकदम बदलते," म्हणाला, "तिथं कोणी हसत नाही."

फ्रिजवर त्यानं तक्ता लावला होता. आठवड्याचे वार, तीन पाळ्या, तीन नावं. मधुकर, स्मिता, सुधाकर. सुधाकरचा रकाना दर आठवड्याला रिकामा, पण दर आठवड्याला नव्यानं पट्टीनं आखलेला. त्याचा फोटो काढून तो भावाला पाठवायचा. भाऊ उलट हात जोडलेलं चित्र पाठवायचा.

"त्याचं नाव कशाला लिहितोस?" मी विचारलं.

"जागा ठेवलेली बरी, मावशी. पाळी त्याची आहे, तो गैरहजर आहे. गैरहजर माणसाचं नाव हजेरीवरून काढत नाहीत."

त्याला मोठ्या मिशा होत्या, झुबकेदार. एक दिवस बघते तर सफाचट. अंगणातल्या पुरुषांना विषयच मिळाला. "काय मधुकरराव, वहिनींनी काढायला लावल्या वाटतं? आधी खुर्ची गेली, आता मिशी." तो म्हणाला, गरम होत होतं. जानेवारीत.

चारेक दिवसांनी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. बाथरूममधून बारीक, चिरका आवाज येत होता.

"वहिनी, पदर सोडा, मी आहे, शांता."

"शांते, तू केव्हा आलीस गं?"

"आत्ता आले. चला, पाणी निवतंय."

मी वाकून बघितलं. मधुकर डोक्यावरून ओढणी घेऊन बसला होता. कमलाबाई त्याचा हात हातात घेऊन बघत होत्या.

"तुझे हात किती खरखरीत झालेत गं. मेला नवरा भांडी घासायला लावतो वाटतं."

"काय सांगू वहिनी. रोज शिव्या खाते."

"माहेरी निघून ये. मी बघते त्याच्याकडे."

शांता म्हणजे कमलाबाईंची धाकटी नणंद, मेली त्याला वीस वर्षं झाली. दोघी मिळून विहिरीवर आंघोळीला जायच्या. कमलाबाई परक्या पुरुषासमोर अंगावरचं काढेनात, आणि मुलगा आता परका पुरुष झाला होता. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली होती, नाकातून रक्त आलं होतं. दुसऱ्या दिवशी ओढणी घेऊन गेला, तर त्या म्हणाल्या, शांते, तुला मिशा कशा? म्हणून मिशा गेल्या.

मला बघून तो ओशाळला. "मावशी, कुणाला सांगू नका."

मी संध्याकाळच्या आत दोघींना सांगितलं.

अंगणात शनिवारी संध्याकाळी आम्ही बसायचो तेव्हा एकच विषय निघायचा. प्रत्येकीचं कोणीतरी तिकडे म्हातारं होतं. कोणाची आई नाशिकला, कोणाचा सासरा मिरजेला, आणि फोनवर सगळ्यांचं एकच, कोण करणार. शुभदा म्हणायची, आता चांगले वृद्धाश्रम निघालेत, एसी असतो, बाग असते.

"तुझ्या आईला ठेव आधी बागेत," मी म्हणायचे.

"मावशी, तुम्ही लगेच अंगावर येता. परदेशात सरकार बघतं म्हाताऱ्यांचं."

"सरकार येऊन ढुंगण धुणार का गं?"

फिलोमिना म्हणायची, "माणूस ठेवायचं, मावशी. शिकलेलं. मी हॉस्पिटलात बघते ना, घरची लोकं रडत्यात जास्ती आणि उचलत्यात कमी."

समोरच्या कतारी घरातल्या आजोबांना संध्याकाळी बाहेर आणायचे. मुलं, नातवंडं येताजाता त्यांच्या कपाळाचं चुंबन घ्यायची. खुर्ची ढकलणारा माणूस केनियाचा. मी म्हणायचे, बघा, मुका घ्यायला सगळे, ढकलायला पगारी. फिलोमिना म्हणायची, आपल्याकडे मुका पण नाही.

माझं मत पक्कं होतं. सुनेनं करावं. घरात आणली कशाला? मी माझ्या सासूचं अकरा वर्षं केलं, चांदवडला, नळ नसलेल्या घरात. मला कोणी विचारलं नव्हतं, जमेल का. माझ्या नवऱ्यानं त्या अकरा वर्षांत आईच्या अंगाला एकदा हात लावला, तिरडीवर ठेवताना. आणि गाव त्याला म्हणायचं, काय आईची सेवा केली हो.

हे मी एकदा मधुकरसमोर बोलले. तो आईला खुर्चीत घेऊन अंगणात आला होता, तिच्या वेणीला रबर लावत होता. वेणी घालायला मीच त्याला शिकवलं होतं, आधी मॉपच्या दोऱ्यांवर.

"मावशी, अकरा वर्षांत तुमच्या जागी कोणी आलं का? एक दिवस?"

"कोण येणार?"

"पाळी बदलायला माणूस आला नाही तर आधीच्यानं मशीन सोडायचं नाही, असा कारखान्यात नियम असतो. पण मग मॅनेजर येऊन बघतो, का आला नाही. तुमच्याकडे मॅनेजर आलाच नाही." मग म्हणाला, "तुम्हाला कोणी कामावर ठेवलं नव्हतं, मावशी. तुम्हाला आत ठेवून बाहेरून कडी लावली होती."

मला त्याचा संताप आला. माझ्या अकरा वर्षांना हा काल आलेला माणूस नाव ठेवतो. आता वाटतं, खरं तर त्याला बघितलं की मला माझ्या नवऱ्याचा राग यायचा, आणि नवरा जागेवर नव्हता, हा होता.

कोणी त्याला श्रावणबाळ म्हटलं तर मात्र तो चिडायचा. एरवी न चिडणारा माणूस. मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात त्याला पुढे बोलावून शाल घालायचं चाललं होतं. तो म्हणाला, "श्रावणबाळ पाणी आणायला गेला आणि मेला. मागे त्या दोघांना पाणी कोणी दिलं? ते नाही कोणी सांगत. शाल नको, रविवारी दोन तास कोणी येऊन बसा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी कोणी आलं नाही. मी तर भिंतीला लागून होते, मीही गेले नाही.

आता तो शनिवार, मधुकर जायच्या आधीचा. आम्ही सात-आठ बायका अंगणात होतो, हवा छान होती, शुभदानं भजी केली होती. मधुकर आईला घेऊन आला, सगळ्यांना नमस्कार केला, मग माझ्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"मावशी, एक विचारू? मंगळवारी सकाळी माझी पाळी घ्याल का? दहा ते बारा."

मी क्षणभरही थांबले नाही. "अरे, माझी स्वतःची जाऊन पंचवीस वर्षं झाली. आता तुझी कुठून घेऊ?"

असा हशा झाला की करीम फाटकातून बघायला आला. फिलोमिनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. शुभदाच्या हातातला चहा सांडला. मधुकरही हसला. खरंच हसला, मान मागे टाकून. कमलाबाई सगळ्या हसतायत म्हणून हसल्या.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "नाही, पण खरंच—"

"आणि तुझी बायको कुठे गेली मंगळवारी?" मी म्हटलं. "सासू तिची ना?"

"तिला सुट्टी नाही, मावशी."

"मग तिनं यावं विचारायला. तू कशाला माझ्या पायाशी बसलास?"

हे म्हणताना मी हसत नव्हते. तो उठला, पँटचे गुडघे झटकले.

"बरोबर आहे," म्हणाला. "राहू द्या. भजी मस्त झालीत, शुभदाताई."

कशासाठी जायचंय, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. इतक्या बायकांत कसं सांगेल, आणि तेही त्या हशानंतर.

मंगळवारी सकाळी साडेनवाला नेहमीप्रमाणे सुरू झालं. कोपर, मग पाणी. मान, ओके. उजवा हात, ओके. मग "डावा हात" म्हणाला आणि थांबला. मी भाजी चिरत होते. वाटलं, फोन आला असेल. थोड्या वेळानं कमलाबाई "शांते, शांते" हाका मारू लागल्या. त्या रोजच मारायच्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मालिका संपेपर्यंत हाका चालू होत्या. मग फक्त पाण्याचा आवाज येऊ लागला, मगानं ओतल्याचा, एकामागून एक, न थांबता. तेव्हा उठले. माझ्याकडे त्यांची किल्ली होती. अडीनडीला असावी म्हणून मधुकरनंच दिली होती.

गाडीवाल्यांनी बराच वेळ छाती दाबली. मग एकानं माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला घेऊन गेले तरी स्मिता यायला तासभर होता. मी कमलाबाईंचं अंग पुसलं, केसांतला साबण धुतला, गाऊन घातला, वरणभात कालवला. वाटी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवर तक्ता. मी चौथीपर्यंत शिकले, पण मराठी वाचता येतं. मंगळवारच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं होतं, "१० ते १२ मावशी". पुढे प्रश्नचिन्ह. त्यावर एक रेघ, पट्टीनं मारलेली, सरळ. आणि खाली "मधुकर".

कमलाबाई सगळा भात जेवल्या. विचारलं, "मधू शाळेतून आला का?"

म्हटलं, "यायचाय."

स्मितानं दोन दिवसांनी सांगितलं. मंगळवारी दहा वाजता त्याचा हेल्थ सेंटरला नंबर होता. महिनाभर छातीत जळजळ व्हायची, डावा हात जड पडायचा. तो म्हणायचा, आईला उचलून उचलून खांदा भरलाय. तिनंच मागे लागून नंबर लावला होता. "मी म्हटलं, मी रजा टाकते. तर म्हणाला, कशाला, मावशी बसतायत. मग शनिवारी जेवताना म्हणाला, मावशींना बरं नाहीये, पुढच्या आठवड्यात बघू."

"मला बरं होतं," मी म्हटलं.

आणि मी तिला सगळं सांगितलं. काय म्हणाले, कशा हसलो, मग काय म्हणाले. गाळलं नाही काही. सांगून मला हलकं वाटायचं नव्हतं. तिला कळायला हवं होतं की तो खोटं बोलला ते माझी बाजू राखायला.

ती ऐकत होती. म्हणाली, "तो घरी येऊनही हसला होता. काय झालं म्हटलं, तर म्हणाला, मावशी म्हणजे कमाल आहेत." मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

भेटायला खूप माणसं आली. नजमाहून, अल रय्यानहून, त्याच्या जुन्या साइटवरची माणसं. सगळे म्हणत होते, श्रावणबाळ होता हो. आणि पुढचा प्रश्न दबक्या आवाजात, आता आईचं कोण करणार? एकानं स्मिताकडे बघून म्हटलं, शेवटी सुनेचंच कर्तव्य. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले. त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. स्मिता चहाचे कप गोळा करत होती. तिच्या ब्लाउजचं हूक उलटं लागलेलं होतं आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आईचा व्हिसा मुलाच्या नावावर, मुलगा नाही म्हणजे व्हिसा नाही. त्यांना परत जायचंच होतं. पण विमानात बसायला डॉक्टरचं पत्र, हे कागद, ते कागद. स्मिताला मुलीला घेऊन मधुकरच्या शवपेटीबरोबर आधी नाशिकला जावं लागलं. मधले दिवस राहिले. भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला होता, काही लागलं तर सांगा.

मी माझ्या मुलाला सांगितलं, मी पलीकडे राहते.

"आई, तुझं वय काय? त्यांचं कोणी नाही का?" तो म्हणाला.

"डोकं खाऊ नकोस," म्हटलं.

तेरा दिवस होते मी. दुपारी फिलोमिना ड्यूटीवरून परस्पर यायची, उचलायला. शुभदा दोन दिवस आली, बाथरूमच्या दारात उभी राहून रडायची. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर टॉवेल धरून रड.

पहिल्याच सकाळी मी मधुकरची नारिंगी ओढणी डोक्यावरून घेतली. कोपर पाण्यात घातलं. म्हटलं, "वहिनी, पदर सोडा. मी शांता."

कमलाबाईंनी माझा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, तळव्यावरून बोट फिरवलं.

"तू नव्हे शांता," म्हणाल्या. "शांताचे हात खरखरीत आहेत."

आणि माझा हात सोडून दाराकडे बघत बसल्या. पाणी निवलं तरी त्यांनी पदर सोडला नाही. त्या दिवशी मी त्यांना ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, गाऊनच्या आतून, चोरासारखं. तेरा दिवस तसंच केलं. एक दिवसही त्यांनी मला शांता होऊ दिलं नाही.

मग स्मिता आली, कागद झाले, आणि ती त्यांना घेऊन गेली. सुधाकरनं मागची खोली करून दिलीय, दोन बायका ठेवल्यात, दिवसाला एक, रात्रीला एक. पैसे स्मिता पाठवते. अंगणात यावर अजून वाद होतात. कोणी म्हणतं थोरल्यानं हात झटकले, कोणी म्हणतं सुनेनं सोडलं, कोणी म्हणतं असंच हवं, आता काळ तसा आहे. मला विचारतात, मावशी, तुमचं काय मत? मी मत सांगत नाही.

मधुकरला मी जिवंत शेवटचा पाहिला तो सोमवारी संध्याकाळी. तो आईची खुर्ची उतारावरून घराकडे ढकलत होता. मी माझ्या दारात लसूण सोलत बसले होते. शनिवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. अर्ध्यावर तो थांबला. एक हात खुर्चीला, एक भिंतीला, मान खाली. चाकामागे पाऊल आडवं लावलेलं, खुर्ची मागे येऊ नये म्हणून.

"काय रे, थांबलास का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

त्यानं मान वर केली आणि हसला. "आईला मांजर बघायचंय, मावशी."

मी बघितलं. अंगणात मांजर नव्हतं. मी पुन्हा लसूण सोलायला लागले. काही वेळानं चाकं वाजली आणि दार लागलं.

तो बावन्न वर्षांचा होता. त्या बाथरूममध्ये दोघं होती, त्यांतल्या कमलाबाई वाचल्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत. नाशिकला असतात, आणि दोन्ही वेळा नीट जेवतात.